कललेल्या मानेचा टाक

चाकणच्या एका चांदीवाल्यानं मला फसवलं. वजनात फसवलं नाही, कसातही नाही. मी दिली त्याहून जास्त चांदी त्यानं मला परत दिली, पावती दिली, वर चहा पाजला. तरी मी म्हणते फसवलं. सगळं वाचून झाल्यावर तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मी बार्शीची. माझं भांड्यांचं दुकान आहे. ते वडिलांनी दिलेलं नाही आणि नवऱ्यानंही नाही. आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून मी सुरुवात केली. लोक जुनी पितळ-तांब्याची भांडी मोडीत द्यायचे, मी त्यावर स्टील द्यायची. मोड म्हणजे वितळवायला दिलेली जुनी वस्तू. पोचे आलेला हंडा माझ्या काट्यावर चढला की तो हंडा राहत नाही, मोड होतो. हा शब्द दिवसातून शंभरदा माझ्या तोंडी असतो. पुढं जे झालं ते या शब्दामुळंच झालं.

आता ज्या वस्तूपायी झालं तिच्याविषयी. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. देवघरात खंडोबाचे, देवीचे असतात. माझ्या गळ्यात होता तो देवाचा नव्हता, सवतीचा होता. आमच्याकडे रीत अशी की, बायको वारलेल्या माणसानं दुसरं लग्न केलं तर नव्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. तिला वाटू नये की आपल्याला विसरले, आणि तिनं संसारात आडवं येऊ नये. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, मग नेसायची. सणाला पहिला घास तिच्यापुढे धरायचा. बोलताना त्या टाकालाच सवत म्हणतात.

माझी सवत कमल. मी तिला कधी पाहिलं नाही. पण तिचा टाक माझ्या डोळ्यांदेखत घडला. मी एकोणीस वर्षांची होते, अंगाची हळद उतरली नव्हती. सोनारानं चांदीचा पत्रा शेगडीवर तापवून मऊ केला, काशाच्या ठशावर ठेवला, वर शिशाची जाड चकती ठेवून ठोकायला लागला. ठशात उभी बाई होती, डोक्यावर पदर, हात जोडलेले. सगळ्या सवतींना एकच ठसा. पण पत्रा उचलल्यावर त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "कशी होती?"

नवरा लाजला. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाला, "ऐकताना मान डावीकडं कलायची तिची."

 सोनारानं पत्रा लाखेच्या गोळ्यावर बसवला, बोथट छिन्नी घेतली आणि हलके ठोके देत ती मान एवढीशी वळवली. मग वर कडी झाळून, म्हणजे डाग देऊन, जोडली, मागून लाख भरली आणि त्यावर तांब्याचा पत्रा लावून कडा दुमडल्या. कमलची या जगात तेवढीच खूण उरली. तिचा एकही फोटो नाही. ज्या घरात लग्नाला जेवण उधारीवर घातलं, तिथं फोटो कोण काढणार?

तिचा मुलगा दत्ता तेव्हा तीन वर्षांचा. माझ्याजवळ येईना. कुणीतरी त्याला सांगितलं की नव्या बाईच्या गळ्यात तुझी आई आहे. तो आला, माझ्या मांडीवर बसला, टाक मुठीत धरला आणि झोपून गेला. त्यानं धरलं होतं ते तिला. पण मांडी माझी होती. तिथून आमचं सुरू झालं. तो मला मावशी म्हणतो, आजही.

तीस वर्षांत टाकावरचं नाक झिजून सपाट झालं. बाजारात भाव तुटेपर्यंत माझा अंगठा त्यावरून फिरत असे. नाक गेलं, डोळे पुसट झाले. मान तेवढी तशीच कललेली राहिली.

सोमवार, नाणेकरवाडी

दत्ता चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. लग्नानंतर सहा वर्षांनी त्याला मुलगी झाली. शुक्रवारी बारसं ठरलं. फोनवर म्हणाला, "मावशी, नाव कमल ठेवतोय. तू ये, आणि आईला घेऊन ये. पाळण्यात घालताना एकदा पोरीच्या गळ्यात बांधू." टाक घेऊन ये असं तो कधीच म्हणत नाही.

चाकण न पाहिलेल्यांना सांगते. बार्शीत रस्त्यावर माणूस दिसला की तो कुठून कुठं चाललाय हे निम्म्यांच्या बाबतीत आपल्याला ठाऊक असतं. इथं तळेगाव चौकात उभं राहिलं तर एकाही माणसाचं कळत नाही. राखाडी शर्टांनी भरलेल्या कंपन्यांच्या बस एकामागून एक जातात, त्यांच्यामागून कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर. खांबाखांबावर एकच पाटी, हेल्पर पाहिजेत. पण चौकापासून जरा आत शिरलं की कांद्याचं शेत लागतं, त्यात बांधावर बसून दोन बाया भाकरी खात असतात, आणि त्यांच्या पाठीमागे कंपनीची भिंत.

दत्ता राहतो त्या नाणेकरवाडीत इमारती सगळ्या एका साच्यातल्या. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन जोरजोरात दार वाजवलं. लुंगी लावलेला, डोळे तांबारलेला माणूस बाहेर आला. रात्रपाळी करून झोपलेला.

"दत्ता कुठंय?" मी आवाज चढवून विचारलं. दार उघडायला उशीर झाला याचा मला राग आला होता.

"मावशी, ही बी बिल्डिंग हाय. तुमची सी असंल," तो म्हणाला. माझी पिशवी उचलली आणि तसाच लुंगीवर खाली निघाला. "हितं सगळ्याच्या माय चुकतेत. माझी माय नांदेडहून आली तर दोन तास वॉचमनपाशी बसली."

दत्ताचं घर भाड्याचं. घरमालकीण हौसाकाकी खाली बैठ्या घरात राहतात. त्यांची शेती होती तिथं आता या इमारती आहेत. संध्याकाळी त्या बाळंतिणीला बघायला आल्या आणि येताना मासवडी घेऊन आल्या. नाव ऐकून मी हात आखडला, त्या हसल्या. "अवं ताई, मासळी न्हाई त्यात. बेसनाची हाय. खावा निवांत." वडीच्या पोटात खोबऱ्याचा आणि तिळाचा मसाला, सोबत झणझणीत रस्सा. आमच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर आठवडा जातो, ही कला आम्हाला नाही. दत्ताची बायको वैशाली अळिवाची खीर खात बसली होती आणि आमच्या ताटांकडे रागानं बघत होती.

हौसाकाकींची नजर माझ्या गळ्याकडे गेली. "सवत हाय व्हय?" त्यांनी विचारलं, आणि मी मान हलवताच त्यांनी आधी टाकाला हात लावून नमस्कार केला, मग माझ्याशी बोलल्या. मग स्वतःच्या गळ्यातला ताईत काढून दाखवला. बोटाच्या पेराएवढी आठ पैलूंची चांदीची नळी, दोन्ही तोंडांना टोपणं, टोपणांच्या कडेला मोहरीपेक्षा बारीक चांदीचे रवे एकेक करून बसवलेले. "आमच्या जुन्या सोनारानं केल्याला. रवा बसवताना श्वास धरायचा बाबा. फुंकर जादा झाली की सगळं इरघळतंय म्हणायचा." मी विचारलं, तो सोनार आता कुठं असतो? "न्हाई राह्यला. त्याच्या ओट्यावर आता मोबाईलचं दुकान हाय."

मंगळवार, चाकणची पेठ

सकाळी अंघोळीआधी मी टाक काढायला गेले आणि कडी तुटून हातात आली. तीस वर्षं दोऱ्यावर घासून तारेसारखी झाली होती. बारशाला तीन दिवस होते. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, झाळून घेऊ.

पेठेतलं ते दुकान काचेचं, थंड हवेचं. आमच्याकडे सोनार आपल्यासमोर शेगडीवर फुंकणी धरतो, आपण ओट्यावर बसून बघतो. वस्तू नजरेआड जात नाही. इथं कारागीर दिसतच नाही. पुढं काउंटर, मागं पडदा. काउंटरवर तिशी-पस्तिशीचा मालक. त्यानं टाक घेतला आणि पहिल्यांदा काट्यावर ठेवला. आकडा बघितला. मग उलटा केला.

"मावशी, मागं लाख आहे. झाळायला गेलं की लाख वितळून बाहेर येणार. आधी लाख काढायची, मग कडी, मग परत लाख. काम वाढतं." आणि त्यानं मजुरी सांगितली.

तो सांगत होता ते खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मजुरीचा आकडा ऐकून माझं डोकं सटकलं. आणि डोकं सटकलं की मी काय करते, तर तीस वर्षं जे करत आले तेच. वस्तूला नावं ठेवते. विकत घ्यायची असो की दुरुस्त करायची, आपल्याला तिची ओढ आहे हे समोरच्याला कळता कामा नये. कळलं की भाव त्याच्या हातात.

"एवढी मजुरी? सोन्याचा आहे का हा?" मी म्हणाले. "जुना पत्रा आहे. नाकसुद्धा उरलेलं नाही. मोडच आहे ही."

"मग मोडीतच द्या ना. वर नवा कोरा टाक देतो. मजुरी घेत नाही."

"दे की! बघू तरी कसा देतोस."

आमच्या बाजारात 'दे की' म्हणजे देऊ नकोस. गिऱ्हाईक म्हणतं, अर्ध्यात देता का? मी म्हणते, घ्या की, दोन घ्या. ते हसतं, मी हसते, आणि भाव जागेवर राहतो. इथंही तसंच झालं. तो हसला. मीही हसले. परत मजुरीवर घासाघीस सुरू झाली आणि शेवटी तो म्हणाला, "बरं मावशी, तुमच्या मनासारखं करतो. उद्या संध्याकाळी या."

त्यानं चिठ्ठी पुढं केली. तेवढ्यात दत्ताचा फोन, वैशालीला ताप आलाय, औषध आण. मी सही केली. वाचली नाही. दुसऱ्याची चिठ्ठी मी दोनदा वाचते, आणि ही वाचली नाही. तुटकी कडी मात्र उचलून कमरेच्या बटव्यात टाकली. नवी कडी बसणार होती, मग जुनीची चांदी त्याच्याकडे का सोडायची?

रात्री गळा हलका वाटत होता. दोनदा हात गेला.

बुधवार

लाल मखमलीची डबी त्यानं माझ्यासमोर उघडली. कापसावर लख्ख चकाकणारी लक्ष्मी. यंत्रावर दाबलेली, काठ सगळे सारखे, पाठ पोकळ.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"तुमचाच मावशी. मोडीवरचा. लाखेचं वजन धरूनसुद्धा जास्तच दिलंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "माझा कुठंय?"

"मोडीत दिलात ना? आमची मोड बुधवारी सकाळी पिंपरीला गाळायला जाते. गेली."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. काउंटरवर इतक्या जोरात हात आपटला की माझं मनगट सुजलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं उठून गेली. त्यानं चिठ्ठी पुढं ठेवली. 'मोड, टाक एक', त्याखाली वजन, त्याखाली माझी सही.

"तुम्हीच म्हणालात, मोड आहे. तुम्हीच म्हणालात, दे."

"तू हसला होतास," मी म्हणाले. "मी दे की म्हणाले तेव्हा तू हसलास. हसलास म्हणजे तुला कळलं होतं."

"गिऱ्हाईक हसलं की आम्ही हसतो, मावशी," तो म्हणाला, आणि पोऱ्याला चहा सांगितला.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. तो चिडला असता, उलटून बोलला असता, तर मी त्याला तोडून खाल्लं असतं. तो माझ्याशी शेवटपर्यंत गोड बोलला. मी त्याचा चहा घेतला.

घरी जाताना मी मनात सतरा तऱ्हेनं वाक्यं जुळवली. दुकानदारानं असं केलं, तसं केलं. दत्ता पहिली पाळी संपवून आला होता. पोरीला खांद्यावर टाकून थोपटत होता. सतरातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. "मी तिला मोड म्हणाले," एवढंच बोलले, मग बाकीचं सांगितलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोरीला वैशालीकडे दिलं. "उद्या सुट्टी टाकतो," म्हणाला. "जाऊन बघू, मावशी. अजून गाळली नसेल."

वैशाली मला आई म्हणते. तिनं माझ्या मनगटाला हळद लावली. "आई, जेवून घ्या," म्हणाली. मी जेवले नाही.

गुरुवार, पिंपरी

दत्ताच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाले. मोशीला इंद्रायणीचा पूल लागला. नदीवर पांढरा फेस होता, कपडे धुतल्यासारखा. पुढं भोसरी, मग कासारवाडी, तिथं रुळांच्या कडेनं पिंपरी. 

कॅम्पाच्या बाजारामागच्या गल्लीत दहा बाय दहाची खोली. बाहेर पाटी, चांदी-सोने गलाई. आत भट्टी, भट्टीत लाल झालेली मूस, म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं, आणि समोर बनियनवर बसलेला साठीचा माणूस. सर्जेराव. सांगलीकडचा, खानापूर तालुक्यातला. त्यांच्या गावची माणसं देशभर हेच काम करतात. त्याच्या भुवया जळून विरळ झालेल्या होत्या.

दत्तानं चिठ्ठी दाखवली. सर्जेरावानं ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "आक्का, ही कालच ओतली. दुपारच्या आत."

"सगळी?" दत्तानं विचारलं.

"थांबा जरा. देव असला तर असंल." तो उठला आणि फळीवरचा स्टीलचा डबा काढला. डब्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. "देव आमी पैंजणासंगं गाळत न्हाई. पायातलं आन देव्हाऱ्यातलं एका मुशीत जात न्हाई. मोडीत आलं की येगळं काढायचं, येवडं साठलं की देहूला जाऊन नदीत सोडायचं. वडलांपास्नं तसंच हाय. चांदी जाती, जाऊ दे."

त्यानं डबा फडक्यावर रिकामा केला. घोड्यावरचा खंडोबा. आठ हातांची देवी. एक नाग. लहान मुलाच्या दंडातला मारुतीचा ताईत, दोरा अजून अडकलेला. मी एकेक उचलून बघितला. दोनदा बघितला. खंडोबाच्या मागं चिकटलाय का ते बघितलं.

"उभी बाई होती," मी म्हणाले. "डोक्यावर पदर."

सर्जेराव खाली बसला. "व्हती," तो म्हणाला. "मला ध्यानात हाय. मी दारात उजेडाला धरून बगितली. हातात आयुध न्हाई, खाली वाहन न्हाई, डोक्यामागं प्रभावळ न्हाई. नाक-डोळं झिजल्यालं. देव न्हवती, म्हणून टाकली."

भट्टीचा पंखा चालू होता. त्यानं तो बंद केला.

"सवत होती," मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हात मांडीवर पुसले. "आमच्यात बी घालत्यात की. माझ्या चुलतीच्या गळ्यात व्हती." मग त्यानं खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्यांतून एक काढली. चाकणच्या दुकानाची. पैंजण, जोडवी, करदोडा, आणि शेवटी मोड, टाक एक. "हितं नुसतं मोड लिवलंय, आक्का. सवत लिवलं असतं तर हात लावला नसता."

कोपऱ्यात जमिनीवर चांदीची लगड पडली होती. विटेच्या अर्ध्याएवढी, राखेच्या रंगाची, वर बुडबुड्यांचे खड्डे. "ही कालची," तो म्हणाला. "दुकानदाराची हाय, पर कोपरा तोडून देतो. त्याला मी बगतो."

मी हात पुढं केला होता. दत्ता म्हणाला, "नको. तिच्यात कुणाकुणाचे पैंजण असतील."

पण निघताना तो त्या लगडीपाशी खाली बसला आणि तिच्यावर मूठ ठेवली. लहानपणी धरायचा तशी. मूठ बसेना, लगड मोठी होती. मग त्यानं तळहात पसरून ठेवला. सर्जेराव दुसरीकडे बघत होता.

परत येताना मोशीच्या अलीकडे दत्तानं गाडी थांबवली. टपरीवर दोन चहा घेतले. चहा निवत आला तरी तो पीत नव्हता.

"मावशी, ती कशी होती?"

तीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती, ती माझ्या गळ्यात होती. मी तिला पाहिलेलं नाही. सांगणारा तिचा नवरा, म्हणजे माझा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. माझ्याकडे एकच गोष्ट होती.

"ऐकताना मान कलायची तिची," मी म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. आत्ता तू धरलीस तशी."

त्यानं चटकन मान सरळ केली. रस्त्यावरून ट्रेलर जात होता, तो सबंध जाईपर्यंत तसाच ताठ बसला. मग हळूहळू, आपल्याला कुणी बघत नाही ना अशा बेतानं, मान परत कलू दिली.

हे मी त्याला आधी का सांगितलं नाही, माहीत नाही. रोज दिसत होतं.

शुक्रवार, बारसं

हौसाकाकींनी पाळणा त्यांच्या अंगणात बांधला. कंपनीतली माणसं पाळी बदलून आली, नांदेडचा तो लुंगीवाला आज इस्त्रीचा शर्ट घालून आला. घुगऱ्या, पेढे, पाळण्याची गाणी. इथल्या बायांच्या गाण्यांची चाल आमच्यापेक्षा संथ, पण शब्द निम्मेअधिक तेच.

लक्ष्मीचा टाक डबीत होता. वैशाली म्हणाली, "आई, हाच बांधायचा का?" मी म्हणाले, नाही. बटव्यातून तुटकी कडी काढली. तार एका जागी उघडली होती, ती दातांनी दाबून मिटवली आणि काळ्या दोऱ्यात ओवली. दत्तानं ती पोरीच्या गळ्यात बांधली. एवढी हलकी, की पोरीला कळलंही नाही. मग मी तिच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. कमल. तिच्या नावानं कुणाला हाक मारण्याची माझी पहिलीच वेळ.

दुपारी मी एकटी पेठेत गेले. डबी काउंटरवर ठेवली.

"काय झालं मावशी? आवडला नाही? बदलून देतो. नाहीतर तेवढी चांदी घ्या."

"चांदी नको. उत्तर दे."

"कसलं उत्तर?" त्यानं खरंच विचारलं. दुकानात लग्नाची गर्दी होती, आतून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. पडदा हलत राहिला. मी डबी तिथंच ठेवून निघाले, माझी एसटी होती.

म्हणून इथं लिहिते. दुकानाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दत्तानं माझ्याकडून घेतलाय. ज्यानं वाचायचं त्याला कळेल.

मोड हा शब्द माझ्या तोंडचा. सही माझी. ती माझ्या गळ्यातून उतरून काउंटरवर होती, म्हणजे तिनं ऐकलं असणार. त्याचं उत्तर मी तिला देईन. नात कमल मोठी होईल, गळ्यातल्या नुसत्या कडीला काय लटकत होतं ते विचारेल, तेव्हा माझ्या वाट्याचं तिलाही देईन, काही न लपवता. मी भावासाठी खोटं बोलले, असंच सांगेन.

पण बार्शीच्या सोनारानं साधा पत्रा ठोकताना विचारलं, कशी होती? पिंपरीच्या सर्जेरावानं गाळायच्या आधी दारात जाऊन उजेडाला धरली, तिच्या हातात आयुध शोधलं. त्या दोघांच्या मधे तू होतास. एक सबंध रात्र ती तुझ्याकडे होती. तिचं वजन तू माझ्यासमोर केलंस, चिठ्ठी लिहिताना परत केलंस. वितळवायला देणार होतास ती बाई कोण, हे एकदा तरी का विचारलं नाहीस? आणि मी दे की म्हणाले तेव्हा का हसलास?

दिवाळीला मी नातीला बघायला चाकणला येणार आहे. तुझ्या दुकानातही येईन. चहा सांगू नकोस. उत्तर काढून ठेव.